‘थोड्या वेळाने या’ सांगणारा मेल सर्व्हर: ओटीपी उशिरा का येतो आणि ग्रेलिस्टिंग म्हणजे काय?

समजा, तुम्ही चांदूर रेल्वेत राहता. रात्रीचे ११ वाजून ४० मिनिटं झाली आहेत. फॉर्म भरायची आज शेवटची तारीख, बारा वाजता लिंक बंद होणार. मोबाइलवर सगळी माहिती भरून झाली, कॉलेजने दिलेला ईमेल आयडी टाकला. आता फक्त ईमेलवर येणारा ओटीपी टाकायचा राहिलाय आणि तो १० मिनिटंच चालतो. तुम्ही इनबॉक्स खाली ओढून पुन्हा पुन्हा रिफ्रेश करताय. काहीच नाही. स्पॅम फोल्डर उघडून बघितलं, तिथेही नाही. बाजूला बसलेला मित्र विचारतो, “काहून बे, नेट नाही काय?” नेट तर फुल आहे. शेवटी ११ वाजून ५६ मिनिटांनी ओटीपी येतो. टाकला तर स्क्रीनवर उत्तर: ओटीपीची मुदत संपली आहे.

अशा वेळी आपण नेटवर्कला, मोबाइलला नाहीतर सरळ नशिबाला दोष देतो. पण कदाचित या तिघांचाही दोष नसेल. तो मेल ११:४० लाच कॉलेजच्या मेल सर्व्हरच्या दारात पोहोचला असेल आणि सर्व्हरनेच त्याला “आत्ता नाही, थोड्या वेळाने या” असं सांगून परत पाठवलं असेल. तेही बिघाड म्हणून नाही, तर मुद्दाम, स्पॅम अडवण्यासाठी. या पद्धतीचं नाव ग्रेलिस्टिंग. ती कशी चालते, कुठे कामाची आहे आणि तिच्या उशिराची किंमत कोण मोजतं, हे आज समजून घेऊया.

आत्ता हा विषय कशाला?

ग्रेलिस्टिंगची कल्पना २००३ सालची आहे, म्हणजे तुमच्यापैकी अनेकांचा जन्मही तेव्हा झाला नसेल. तरी आज तिच्यावर बोलायला दोन कारणं आहेत.

पहिलं कारण जीमेल. रोज ५,००० किंवा त्याहून जास्त मेल जीमेलच्या पत्त्यांवर पाठवणाऱ्यांसाठी गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून नवे नियम लावले. मेल खरोखर त्याच संस्थेकडून आला आहे हे तांत्रिकदृष्ट्या सिद्ध करा, जाहिरातीच्या मेलमध्ये एका टॅपवर बंद करायची सोय द्या आणि लोकांकडून स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवा, असे ते नियम. नोव्हेंबर २०२५ पासून गूगलने अंमलबजावणी आणखी कडक करायला घेतली. नियम न पाळणाऱ्यांचे मेल आता तात्पुरते किंवा कायमचे नाकारले जाऊ शकतात. मायक्रोसॉफ्टनेही आउटलुकसाठी मे २०२५ पासून असेच नियम लागू केले. यातला ‘तात्पुरता नकार’ हा शब्द लक्षात ठेवा, कारण ग्रेलिस्टिंगचा सगळा खेळ त्याच्यावरच आहे.

दुसरं कारण आपल्या रोजच्या व्यवहारातलं. पूर्वी मेल अर्धा तास उशिरा आला तरी कोणाचं काही अडत नसे. आता लॉगिन, फॉर्म, पासवर्ड बदलणं, सगळं काही मिनिटं टिकणाऱ्या कोडवर चालतं. पत्रासाठी बनवलेल्या रस्त्यावरून आपण ओटीपी पळवतोय, आणि त्या रस्त्यावर थांबे आहेत.

दारावरचा एकच प्रश्न: तुम्ही परत याल का?

मेलची देवाणघेवाण ज्या नियमांनी चालते त्यांना एसएमटीपी म्हणतात. हे नियम १९८२ साली लिहिले गेले. तेव्हा सर्व्हर कधीही बंद पडायचे, लाइन तुटायची. म्हणून नियमातच सोय ठेवली: समोरचा सर्व्हर “सध्या घेता येत नाही” म्हणाला तर मेल फेकून देऊ नका, रांगेत ठेवा आणि काही वेळाने पुन्हा प्रयत्न करा. असा तात्पुरता नकार देताना सर्व्हर ४ ने सुरू होणारा आकडा सांगतो, उदाहरणार्थ ४५१. कायमचा नकार असेल तर आकडा ५ ने सुरू होतो, जसा ५५०. प्रामाणिक सर्व्हर ४ चा आकडा मिळाला की निमूटपणे परत येतो आणि साधारण चार-पाच दिवस प्रयत्न करत राहतो.

स्पॅम पाठवणाऱ्यांचं तसं नव्हतं. त्यांचे प्रोग्रॅम लोकांच्या व्हायरस लागलेल्या कॉम्प्युटरवरून लाखो मेल सोडायचे. एका दाराने नाही म्हटलं तर पुढच्या दाराला. रांग सांभाळायची, पुन्हा यायचं, एवढा वेळ त्यांच्याकडे नव्हता. बाजाराच्या दिवशी पॅम्प्लेट वाटणारा पोऱ्या तुमचं दार बंद दिसलं म्हणून तासाभराने परत येतो का? नाही. पण रजिस्टर पत्र घेऊन आलेला पोस्टमन दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो.

२००३ मध्ये इव्हान हॅरिस यांनी नेमका हाच फरक पकडला. त्यांची सूचना साधी होती: अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्यांदा तात्पुरता नकार द्या. तो खरा असेल तर परत येईल, तेव्हा आत घ्या. स्पॅमवाला परत येणार नाही. ज्यांना कायम बंदी त्यांची काळी यादी, ज्यांना थेट प्रवेश त्यांची पांढरी यादी आणि या दोघांच्या मधली ती ‘ग्रे’ म्हणजे करडी यादी.

यात मेलचा मजकूर वाचावाच लागत नाही. पाठवणाऱ्याने “मेल कोणासाठी आहे” एवढं सांगितलं की सर्व्हर तिथेच थांबवतो. मजकूर आणि अटॅचमेंट पुढे सरकतच नाहीत. त्यामुळे छोट्या संस्थेच्या साध्या सर्व्हरवरही ताण कमी होतो.

दोन चांदूर आणि तीन खुणा

अमरावती जिल्ह्यात नुसतं ‘चांदूर’ म्हणून भागत नाही. एक चांदूर रेल्वे, मुंबई-नागपूर-हावडा मार्गावरचं. दुसरं चांदूर बाजार, अचलपूरकडचं. दोन्ही तालुक्याची गावं. पत्त्यावर पुढचा शब्द नसेल तर पत्र भलतीकडेच जायचं.

ग्रेलिस्टिंगही एका खुणेवर विश्वास ठेवत नाही. ते तीन गोष्टी एकत्र लिहून ठेवतं: मेल कोणत्या आयपी पत्त्यावरून आला, पाठवणाऱ्याचा ईमेल पत्ता कोणता आणि तो कोणासाठी आहे. या तीन खुणांची जोडणी सर्व्हरने आधी पाहिली नसेल तर वहीत नोंद होते आणि नकार मिळतो. ठरलेला वेळ उलटल्यावर तीच जोडणी पुन्हा आली की मेल आत. त्यानंतर बराच काळ त्या जोडणीला थांबवलं जात नाही.

म्हणूनच रोज ज्या ठिकाणाहून मेल येतात ते वेळेवर पोहोचतात. उशीर होतो तो पहिल्याच मेलला. आणि फॉर्मचा ओटीपी हा बहुतेक वेळा त्या वेबसाइटकडून तुम्हाला आलेला पहिलाच मेल असतो! अडचण नेमकी इथे आहे.

उशीर नेमका किती?

लिनक्सवरच्या पोस्टफिक्स या मेल सर्व्हरसोबत ग्रेलिस्टिंगसाठी पोस्टग्रे नावाचा मोफत प्रोग्रॅम वापरतात. त्यात थांबवायचा वेळ मुळात ३०० सेकंद, म्हणजे ५ मिनिटं ठेवलेला असतो. मग पाचच मिनिटांचा उशीर व्हायला हवा ना? तर नाही.

दार ५ मिनिटांनी उघडतं हे खरं, पण पाठवणारा परत कधी येईल हे दार ठरवत नाही. ते त्याच्या रांगेवर अवलंबून असतं. पोस्टफिक्सचा सर्व्हर साधारण ५ मिनिटांपासून पुन्हा प्रयत्न सुरू करतो. एक्झिम नावाचा सर्व्हर सहसा दर १५ मिनिटांनी येतो. आणि एसएमटीपीचा नियम तर सांगतो की दोन प्रयत्नांत सर्वसाधारणपणे किमान ३० मिनिटांचं अंतर असावं. सिग्नल पाच मिनिटांत मिळाला तरी आउटरला थांबलेली गाडी लगेच प्लॅटफॉर्मवर लागेलच असं नाही, हे स्टेशनच्या गावात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

आता आपल्या उदाहरणातला हिशोब करा. ११:४० ला पहिला प्रयत्न, नकार. पाठवणारा सर्व्हर दर १५ मिनिटांनी येणारा होता. तो ११:५५ नंतर आला, मेल आत गेला, ११:५६ ला तुम्हाला दिसला. पण कोड ११:५० लाच मेला होता. यात एकाही सर्व्हरने नियम मोडला नाही. सगळे नियमाने वागले आणि विद्यार्थ्याचा फॉर्म राहिला.

स्पॅमवाले शहाणे झाले, मग आता उपयोग काय?

वीस वर्षांत स्पॅमवालेही शिकले. त्यांच्यातले काही आता रांग ठेवतात आणि परत येतात. काही जण खऱ्या माणसाचं खातं हॅक करून चांगल्या सर्व्हरवरूनच मेल पाठवतात. तो सर्व्हर प्रामाणिक असल्याने परत येतोच, आणि ग्रेलिस्टिंग त्याला सलाम करून आत घेतं. त्यामुळे ग्रेलिस्टिंग लावलं म्हणजे फसवणुकीचे मेल बंद झाले, असं समजू नका.

दुसरी अडचण मोठ्या कंपन्यांची. त्यांच्याकडे मेल पाठवणारे अनेक सर्व्हर असतात. पहिला प्रयत्न एका आयपीवरून, दुसरा भलत्याच आयपीवरून. तीन खुणांतली एक बदलली की ग्रेलिस्टिंगला तो पुन्हा अनोळखीच वाटतो. यावर उपाय म्हणून पोस्टग्रे आयपी पत्त्याचा शेवटचा आकडा सोडून बाकी भाग जुळतो का एवढंच बघतं. पण पूर्ण वेगळ्या पत्त्यावरून मेल आला तर तोही उपाय चालत नाही.

तरीही कल्पना मेलेली नाही, कारण थांबवण्याचा एक छुपा फायदा आहे. नवा स्पॅमवाला मेल सोडायला लागला की जगभरात त्याच्या तक्रारी नोंदल्या जातात आणि त्याचा आयपी काळ्या याद्यांमध्ये जातो. तुम्ही त्याला १०-१५ मिनिटं दारात उभं केलं, तर तो परत येईपर्यंत त्याचं नाव यादीत चढलेलं असू शकतं. मग त्याला कायमचा नकार देता येतो.

नव्या पद्धतीत सगळ्यांनाच थांबवत नाहीत. आरस्पॅमडी नावाच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक मेलला संशयाचे गुण मिळतात. मूळ सेटिंगमध्ये ४ गुण झाले की मेल थोडा वेळ थांबवतात, १५ झाले की सरळ नाकारतात. ४ च्या खालचा सरळमार्गी मेल लगेच आत. इथे गुण द्यायला मजकूरही तपासावा लागतो, म्हणजे सर्व्हरला काम जास्त. पण उशीर फक्त संशयिताला होतो.

आणि गूगलचे नियम याच दिशेने जातात. जुनं ग्रेलिस्टिंग विचारायचं, “तुमच्याकडे थांबायला वेळ आहे का?” आताची परीक्षा विचारते, “तुम्ही कोण, ते सिद्ध करता का?” त्यासाठी तीन सोयी आहेत. एसपीएफ म्हणजे आमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची जाहीर यादी. डीकेआयएम म्हणजे मेलवरची डिजिटल सही. डीमार्क म्हणजे या तपासणीत मेल नापास झाला तर त्याचं काय करायचं, याची सूचना. वेळ तर चोराकडेही असतो, दुसऱ्याची सही करणं मात्र अवघड असतं.

लावायचंच असेल तर कसं लावावं?

गावातल्या एखाद्या कॉलेजचा किंवा पतसंस्थेचा मेल स्वतःच्या सर्व्हरवर असेल आणि तो तुम्ही सांभाळत असाल, तर एवढं करा.

१. आधी एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क नीट लावा. ते नसतील तर तुमचेच मेल इतरांच्या दारात अडकतील.

२. मग पोस्टग्रे बसवा. डेबियन किंवा उबंटूवर ते नेहमीच्या पॅकेजमधून मिळतं आणि १००२३ क्रमांकाच्या पोर्टवर चालतं. पोस्टफिक्सच्या मुख्य सेटिंग फाइलमध्ये, मेल कोणासाठी घ्यायचा हे ठरवणाऱ्या नियमांत, त्याला विचारायची ओळ टाकायची.

३. त्या ओळीची जागा महत्त्वाची. आधी आपल्या नेटवर्कमधले आणि पासवर्ड टाकून लॉगिन केलेले लोक सोडून द्या. मग आपल्या डोमेनचा नसलेला मेल नाकारा. त्यानंतर ग्रेलिस्टिंग. क्रम उलटा झाला तर आपल्याच शिक्षकांचे मोबाइलवरून जाणारे मेल अडकतात.

४. पांढरी यादी रिकामी ठेवू नका. पोस्टग्रेसोबत एक तयार यादी येते, तिच्यात विद्यापीठ, प्रवेश, शिष्यवृत्ती आणि बँकांचे मेल सर्व्हर स्वतः भरा. एखाद्या सर्व्हरकडून ५ मेल नीट पोहोचले की पोस्टग्रे त्याला आपोआप ओळखीचा मानतं, पण प्रवेशाच्या दिवसांत त्या पाचांची वाट कोण बघणार?

५. दुसरा, राखीव मेल सर्व्हर असेल तर त्यालाही हाच नियम लावा. नाहीतर पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं उघडं, अशी गत होते.

६. आठवडाभर लॉग बघा. पोस्टग्रेसोबत एक अहवालाचा प्रोग्रॅम येतो, थांबवल्यावर जे परत आलेच नाहीत त्यांची यादी तो देतो. तिच्यात एखादं ओळखीचं नाव दिसलं तर त्या मेलची कोणीतरी वाट बघत बसलं होतं, असं समजा.

सर्व्हर स्वतःचा नसेल आणि संस्थेने नुसतं होस्टिंग घेतलं असेल, तरी विचारून घ्या. सीपॅनेलसारख्या व्यवस्थेत ग्रेलिस्टिंगची सोय असते. ती चालू आहे की बंद, हे संस्थेत कोणाला तरी माहीत पाहिजे.

बँकांचे नवे पत्ते आणि एक अडचण

रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना त्यांच्या वेबसाइट ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर न्यायला सांगितल्या. त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत होती आणि त्यात सहकारी बँकाही आल्या. हा पत्ता फक्त बँकांनाच मिळतो, नोंदणी आयडीआरबीटी ही संस्था करते. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, त्यामुळे तिला हा पत्ता मिळत नाही. ग्राहकासाठी ही चांगलीच सोय आहे: पत्त्याच्या शेवटी काय आहे ते बघितलं की खरी बँक कोणती हे ओळखणं सोपं.

पण ग्रेलिस्टिंगच्या वहीत काय होतं बघा. बँकेने वेबसाइटबरोबर ईमेलचा पत्ताही बदलला, तर तीन खुणांपैकी एक बदलली. कालपर्यंत ओळखीची असलेली बँक आज अनोळखी! तिचा पहिला मेल पुन्हा दारात थांबणार. म्हणून पांढरी यादी एकदा भरून विसरायची गोष्ट नाही.

मोबाइलवर तुम्ही काय करू शकता?

वरचं सगळं सर्व्हर सांभाळणाऱ्याचं काम झालं. तुमच्या हातातल्या मोबाइलमध्ये ग्रेलिस्टिंग चालू-बंद करायचं बटण नाही. तरी काही गोष्टी जमतात.

कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या पत्त्यावर ओटीपी आला नाही तर ‘पुन्हा पाठवा’ लगेच तीनदा दाबू नका. पाच मिनिटांच्या आतले सगळे प्रयत्न थांबवलेच जातात. सहा-सात मिनिटं जाऊ द्या आणि मग एकदा दाबा. पहिल्या मेलने वहीत नोंद झालेली असते, त्यामुळे पाठवणारा पत्ता आणि सर्व्हर तोच असेल तर दुसरा मेल बहुतेक लगेच आत येतो. आपल्या विद्यार्थ्याने ११:४७ ला बटण दाबलं असतं, तर कदाचित फॉर्म भरून झाला असता.

मात्र इथे एक गंमत होते. रांगेत थांबलेला पहिला मेल नंतर येतो. म्हणजे इनबॉक्समध्ये सर्वांत शेवटी आलेला कोड हा जुना असू शकतो, आणि नवा कोड मागवल्यावर जुना सहसा रद्द झालेला असतो. ‘पुन्हा पाठवा’ दाबल्यानंतर जो लगेच आला तो वापरा, मागाहून टपकलेला नाही.

शेवटच्या तारखेआधी दोन-तीन दिवस त्या वेबसाइटवर खातं उघडून ठेवा. पहिल्या मेलचा उशीर तेव्हाच भोगून होईल. पर्याय असेल तर एसएमएसचा ओटीपी निवडा.

आणि कोणीही फोन करून “मेलवर आलेला कोड सांगा” म्हणालं तर सांगू नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा. पैसे वाचवायला तिथे प्रत्येक मिनिट कामाचं असतं.

उशिराची किंमत कोण मोजतं?

घुईखेडहून किंवा आमला विश्वेश्वरहून चांदूर रेल्वेला एका कागदासाठी आलेल्या माणसाला खिडकीवरून “नंतर या” ऐकायला मिळालं की काय होतं, हे आपण जाणतो. खिडकीच्या आतल्याला ते दोन शब्दच असतात. बाहेरच्याची दिवसभराची मजुरी जाते, बसचं भाडं जातं.

ग्रेलिस्टिंगचंही तसंच आहे. सर्व्हर सांभाळणाऱ्याला कमी झालेला स्पॅम दिसतो, तो खूश होतो. उशिरा आलेला ओटीपी त्याच्या अहवालात कुठेच दिसत नाही, कारण त्याच्या हिशोबात तो मेल ‘पोहोचला’ आहे. म्हणून ग्रेलिस्टिंग लावू नये असं नाही. पण सरसकट सगळ्यांना थांबवण्याऐवजी संशयिताला थांबवा, ओळखीच्यांची यादी ताजी ठेवा आणि प्रवेशाच्या, परीक्षेच्या दिवसांत ती आधीच तपासा. आणि तुमच्या कॉलेजच्या मेलवर ओटीपी नेहमीच उशिरा येत असेल, तर नेटवर्कला शिव्या देण्याआधी कॉलेजच्या ऑफिसात जाऊन एक प्रश्न विचारा: “आपल्या मेल सर्व्हरवर ग्रेलिस्टिंग चालू आहे का?” उत्तर देणाऱ्याला तो शब्द माहीत नसेल, तर हा लेख त्यांना पाठवा. व्हॉट्सॲपवरच पाठवा, मेलवर नको!